उघड्या दारातली भीती : शेजाऱ्यांची रहस्यकथा कशी लिहावी

शेजाऱ्यांवर रहस्यकथा लिहायला बसलेले बरेच जण पहिल्याच पानावर पडदे ओढून घेतात. बंद बंगला, कुणाशी न बोलणारा माणूस, रात्री दोनपर्यंत जळणारा दिवा. असा माणूस कोल्हापुरात राहायला आला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं गाव, त्याचे पाहुणे आणि त्याचा पगार गल्लीला कळलेला असतो. सगळी गल्लीच त्याच्यावर डोळा ठेवून असते, मग वाचकाला शोधायला उरतं काय? आपल्याकडे सकाळी उघडलेलं दार रात्री जेवणं झाल्यावरच लागतं. म्हणून आपल्या कथेतल्या धोक्याने त्याच दारातून आत यावं, आणि घरातल्यांनी त्याला ‘या, बसा, चहा टाकते’ म्हणावं. असं घडवून आणायला काय काय करावं लागतं ते सांगते.

मी एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करते. बरीच वर्षं झाली. हातात मशीन, खांद्याला पिशवी, रोज तीच घरं, तीच दुकानं. दारात उभं राहून पन्नास-शंभर रुपये घ्यायचे, पावती फाडून द्यायची, दोन शब्द बोलायचे आणि पुढचं दार. अशा मिनिटभराच्या भेटीत घरातलं किती दिसतं हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. पैसे कोण आणून देतं, आतून कुणाचा आवाज येतो, रोज येणारा आवाज आज का आला नाही, हे आपोआप टिपलं जातं. त्यातूनच मी गोष्टी लिहायला लागले. दिवाळी अंकांत छापून आल्या. खाली जे सांगतेय ते या दारांत उभं राहून शिकलेलं आहे.

आधी वसाहत पक्की करा

पेठेतली गोष्ट आणि वसाहतीतली गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत चार पिढ्या एकमेकांना ओळखतात. तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला तुमच्या आजोबांचं टोपणनाव माहीत असतं. तिथलं गुपित सगळ्यांच्या मालकीचं असतं. ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. अशा जागी ‘हे कुणी केलं’ या प्रश्नात फारसा दम राहत नाही. ‘सगळे गप्प का’ या प्रश्नात मात्र पूर्ण कादंबरी मावते.

आर. के. नगर, साने गुरुजी वसाहत, फुलेवाडी रिंगरोड, कळंब्याकडचा भाग इथलं चित्र निराळं. गडहिंग्लज, आजरा, भुदरगड, राधानगरीकडून नोकरीनिमित्त आलेली माणसं प्लॉट घेतात, खाली आपण राहतात, वरचा मजला भाड्याने देतात. शेजारी एकमेकांचं आजचं सगळं जाणतात. आज भाजी कसली केलीय तेसुद्धा. पण इथे यायच्या आधीची वीस वर्षं कुणालाच माहीत नसतात. ‘इथे यायच्या आधी’ ही पोकळी रहस्यकथेला फार उपयोगी पडते. पहिली गोष्ट लिहिणाऱ्याने वसाहतच घ्यावी असं मी सांगेन.

मग कागदावर नकाशा काढा. रस्ते नको, सोयी काढा. बोअर कुणाच्या हद्दीत आहे? पाण्याची चावी सोडणारा माणूस आधी कुठल्या टोकाला येतो? कुणाच्या स्वयंपाकघराची खिडकी कुणाच्या मोरीकडे उघडते? आपल्याकडच्या बहुतेक बंगल्यांना वरच्या मजल्यासाठी बाहेरून जिना असतो. त्या जिन्यावरच्या दिव्याचं बटण खाली मालकाच्या हॉलमध्ये असतं, टाकीत पाणी चढवायच्या मोटारीचं बटणही तिथेच. म्हणजे वरच्या भाडेकरणीला रात्री जिन्यात उजेड मिळायचा की अंधार आणि तिच्या नळाला पाणी यायचं की नाही, हे खालचा माणूस सोफ्यावर बसून ठरवू शकतो. हे एवढं नीट दाखवलंत तर चाकू-सुरीची गरज पडणार नाही.

धोक्याचा माणूस उपयोगी पडणारा असू द्या

खलनायकाला तुसडा करू नका. त्याला गल्लीतला सगळ्यात कामाचा माणूस करा. मी एका गोष्टीसाठी घडवलेला माणूस इथे घेते. त्याला सगळे नाना म्हणतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगा परगावी. कुणी गावाला गेलं की किल्ली नानांकडे. गॅसची टाकी आली की पैसे देऊन उतरवून घेणार नाना. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर गाडी काढून सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नेणार नाना. कुणी संकोचलं तर ठरलेलं उत्तर, “असू दे की वहिनी, शेजारी कशाला हाय मग?”

आता एक वही घ्या आणि पानाचे दोन भाग करा. डावीकडे नानांनी केलेली एकेक मदत लिहा. उजवीकडे त्या मदतीतून नानांना काय कळलं ते. किल्ली ठेवली, म्हणून घरी कोण कधी नसतं ते कळलं. टाकी उतरवून घेतली, म्हणून स्वयंपाकघर आतून पाहिलं. दवाखान्यात नेलं, म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत ते कळलं. लाईटबिल भरून आणलं, म्हणून महिनाअखेर हात किती आखडतो ते समजलं. डावी बाजू वाचकाला सविस्तर दाखवायची, उजवीचा एक शब्दही काढायचा नाही. गोष्ट संपल्यावर वाचक मागे जाऊन उजवी बाजू स्वतः भरतो, आणि तेव्हा त्याच्या अंगावर काटा येतो. मी लिहिताना सगळ्यात जास्त वेळ या वहीवर घालवते. ती भरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहीत नाही.

या वहीतून आणखी एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे भीड. आपल्या शेजारकथेचं इंजिन भीडच आहे. ज्याने नवऱ्याला रात्री दवाखान्यात पोचवलं, त्याला ‘तुम्ही सारखं वर येऊ नका’ असं कुठली बाई सांगू शकेल? सांगितलं तर गल्ली कुणाला नावं ठेवेल? तिला बोलायला तोंड आहे, दारात माणसं आहेत, फोन आहे, आणि तरीही तिला बोलता येत नाही. ही कोंडी मी खऱ्या दारांत पाहिली आहे. ती कागदावर उतरावी म्हणूनच हा सगळा खटाटोप.

नानांचा हेतूही लहान ठेवा. खून, वारसा, कोटींची जमीन असलं काही आणू नका. बायको गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या पावलांच्या आवाजाची नानांना सवय झाली. वर सुनंदा आणि तिचा नवरा राहतात. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. दोघांनी फ्लॅट बघितलाय, दसऱ्याला जागा सोडणार आहेत. नानांना ते सहन होत नाही. बस्स, एवढंच. आपलं घर आपल्या हाताखालीच चाललं पाहिजे ही साधी इच्छा माणसाला कुठवर नेते ते दाखवा. वाचक घाबरतो, कारण अशी इच्छा असलेली दोन-चार माणसं त्याच्याही ओळखीची असतात.

बघणारं माणूस

पोलीस किंवा पत्रकार घेऊ नका. रोज दारात यायचा हक्क आहे पण आत काय चाललंय ते विचारायचा नाही, असं माणूस शोधा. रतीब घालणारी गवळण, अंगणवाडी सेविका, मीटरचं रीडिंग घेणारा पोरगा, धुणंभांडी करणारी मावशी. माझ्या गोष्टीत अर्थातच पिग्मीवाली आहे, मालन. तिला एका घरात मिनिटभरच मिळतं. त्यामुळे लिहिणाऱ्यालाही शिस्त लागते, कारण त्या मिनिटात जे दिसेल तेवढंच लिहायचं. मालनला आतलं काही ऐकवण्यासाठी खिडकीखाली उभं करण्याचा मोह होईल. तो आवरा.

दार बदलतं कसं, ते आठवून लिहा. सुनंदा रोज पिठाचा हात पदराला पुसत यायची, मुठीत दहाच्या पाच चुरगळलेल्या नोटा असायच्या. नवऱ्याला न सांगता फ्लॅटसाठी साठवत होती. एक दिवस जिन्याच्या पायथ्यालाच नाना उभे. हातात पन्नासची कोरी नोट. “ती सांगून गेलीय, तिची पिग्मी भरा म्हणून.” मालन पावती फाडते आणि पुढच्या घरी जाते. या प्रसंगात मालनला काही खटकलं असं लिहायचं नाही. पाच नोटांच्या जागी एक नोट आली, एवढंच वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचं.

खुणा पेरताना

प्रत्येक खुणेला एक निर्दोष कारण जोडा, आणि ते कारण खरंच पटणारं असू द्या. अर्धा लिटर दूध कमी झालं, कारण नवरा रात्रपाळीला आहे. उंबऱ्यावरची रांगोळी चार दिवस नाही, कारण पाऊस आहे. तुळस सुकली, कारण कुंडी जिन्याच्या वळणावर आडोशाला आहे आणि तिथे पाऊस पोचत नाही. वाचक मनात ‘हं, असेल’ म्हणाला पाहिजे. जी खूण फक्त गुन्ह्याकडेच बोट दाखवते ती खोडून टाका. चपला, दोरीवरचे कपडे, बाहेरून लावलेली कडी या खुणा फार वापरून झाल्यात. त्यांना हात लावायचाच असेल तर त्यात काहीतरी फक्त तुमच्या गल्लीतलं घाला.

माझ्या गोष्टीतली मुख्य खूण बोलण्यात आहे. कोल्हापूरकडच्या आम्ही बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतो. मी लिहिताना ‘जाते’ लिहिते, पण दारात उभी राहून ‘येतो हं काकी’ म्हणते. सुनंदा कागल-निपाणीकडची. ती बोलते तसंच मोबाईलवरही लिहिते. बायकांच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे मेसेज असतात, ‘आज जरा उशिरा येतो, माझी चिठ्ठी काढू नका.’ असे दोन-तीन मेसेज पहिल्या निम्म्या भागात विखरून टाकले आहेत, कुठलंही लक्ष न वेधता. मग ती माहेरी निपाणीला गेल्याचं नाना सांगतात, आणि संध्याकाळी ग्रुपवर मेसेज येतो, ‘मी सुखरूप पोहोचले. काळजी नसावी.’

सगळ्या बायका अंगठे दाखवतात. वाचकही पुढे जातो. कितीतरी पानांनंतर मालन कुणाच्या तरी दारातून ‘बरं, मी जातो’ म्हणत वळते आणि तिचा पाय थबकतो.

अशी खूण लावताना तीन गोष्टी पाळा. ती आधी किमान दोनदा वाचकाच्या कानावर पडली पाहिजे. ती कुणीही समजावून सांगता कामा नये. आणि खुलाशाच्या वेळी मालनने भाषण न देता फक्त जुने मेसेज वर सरकवून बघावेत. ही खूण नाशिकच्या किंवा नागपूरच्या गोष्टीत चालणार नाही, आणि मला तेच हवं आहे. तुमच्या गावच्या बोलण्यात, खाण्यात, सणवारात असं काय आहे जे बाहेरच्याला नक्कल करताना चुकेल, ते शोधा. त्र्यंबोलीच्या यात्रेला आषाढात नव्या पाण्याचे कलश कधी निघतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ‘आम्ही इथलेच’ म्हणणं, यावरसुद्धा एक चांगली गोष्ट उभी राहील.

नाहीशा झालेल्या बाईची गोष्ट मी पुन्हा पुन्हा का लिहिते, असं मला विचारतात. आपल्याकडे बाई दिसेनाशी झाली की ‘माहेरी गेलीय’ एवढं म्हटलं तरी भागतं. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. माहेरी फोन करून बघणारा शेजारी मी क्वचित पाहिला. तो पुढचा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहावा, निदान गोष्ट वाचताना तरी, असं मला मनापासून वाटतं.

पूर वापरा, पण भूगोल सांभाळून

कोल्हापूरच्या रहस्यकथेला ऑगस्टइतका चांगला महिना नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले हे माणसं पहाटे उठून विचारतात. शिवाजी पुलावर ‘मच्छिंद्री झाली का’, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेला लागलं का, हे बघायला गर्दी जमते. तारखेऐवजी प्रकरणाच्या डोक्यावर पातळी लिहून बघा, ‘३८ फूट ४ इंच’, मग ‘४१ फूट’, मग ‘४३ फूट १ इंच’. आपला वाचक तो आकडा वाचूनच घाबरायला लागतो. त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

पण पाणी कुठे येतं ते चुकवलंत तर इथला वाचक तुम्हाला तिथेच सोडून देईल. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग इथे पाणी घरात शिरतं. आर. के. नगरच्या चढावर पंचगंगा येत नाही. पुराचं पाणी घरात हवं असेल तर गोष्ट खाली आणा. तिथे वेगळाच खजिना मिळतो. सामान वरच्या मजल्यावर हलवायला शेजारी मदतीला येतो, कपाट उचलताना त्याच्या मागे काय होतं ते त्याला दिसतं, आणि मग वीज नसलेल्या रात्री दोन कुटुंबं एकाच गच्चीवर.

माझी गोष्ट उंचावरच्या वसाहतीत आहे, म्हणून मी पुराचं दुसरं तोंड वापरलं. पूर आला की शहराची उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात आणि नळ कोरडे पडतात. २०१९ ला आणि २०२१ ला असंच झालं. चोहीकडे पाणी, आणि सगळी गल्ली घागरी-बादल्या घेऊन टँकरची वाट बघत रस्त्यावर. या रांगेइतकी चांगली हजेरी कुठेच लागत नाही. कोण आलं नाही ते लगेच दिसतं. शिवाय महामार्ग पाण्याखाली गेला की सुनंदाचा नवरा शिरोलीतच अडकून पडतो, त्याला घालवण्यासाठी वेगळं कारण रचावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. मग त्या दिवसांत निपाणीला कुणी कसं पोचेल, हा प्रश्नही वाचकाच्या हातात आयता येतो.

आणि त्या रांगेत नाना दोन घागरी भरून घेतात आणि जिना चढून वर जातात. खालच्या घरासाठी आधीच दोन भरून झाल्यात. वर तर कुणीच नाही. निर्दोष कारण? नाना म्हणतात, “तिचा नवरा येईल, त्याला लागेल की पाणी.” पटतं. मालनलाही पटतं. पण सांजवेळी नाना पुन्हा दोन घागरी घेऊन वर चढतात.

कायद्याचं तेवढं बरोबर लिहा

इथे मी थोडक्यात सांगते, कारण हे शोधून मिळतं, पण लिहिणारे शोधत नाहीत. माणूस हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं हे खोटं आहे. तसा नियम नाही. पात्राचा तसा समज असू शकतो, पण निवेदकाने तो खरा ठरवू नये. गोष्ट १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहितेची कलमं चालतात, त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेची. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, डांबून ठेवण्याचं ३४२ आता १२७ मध्ये गेलं, पाठलाग करण्याचं ३५४ ड आता ७८ आहे. २०१९ च्या गोष्टीतलं पात्र १०० नंबर लावेल, आजचं ११२. पंचनाम्याला त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागतात, आणि शेजारकथेत हे फार मोलाचं आहे, कारण ज्या शेजाऱ्यांनी इतके दिवस आत डोकावलं नाही त्यांनाच आता प्रत्येक वस्तूवर सही करत घरभर फिरावं लागतं. मात्र ज्याने दार उघडून बाईला बाहेर काढलं तो साक्षीदार, पंच दुसरा घ्या. नव्या कायद्यानुसार झडतीचं चित्रीकरणही करावं लागतं, ते आजच्या गोष्टीत विसरू नका. झोपेच्या गोळ्या कथेत आल्या तर लक्षात ठेवा, अशी बरीच औषधं एच-वन यादीत आहेत आणि औषध दुकानदाराला चिठ्ठी बघून त्यांची वेगळ्या वहीत नोंद करावी लागते. नोंदीवरून पुढे जाता येतं, त्यामुळे कथेत औषध दुकानदार एक पात्र होऊ शकतो.

घरातच नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून छळ होत असेल अशी गोष्ट लिहीत असाल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं कलम ४ वाचा. असा प्रकार घडतोय असं वाटणारं कुणीही, शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. गोष्टीतल्या शेजाऱ्याला हे माहीत आहे की नाही, यावर एक पूर्ण प्रकरण उभं राहतं. आणि लिहिता लिहिता तुमच्या लक्षात आलं की आपण कल्पना करत नसून समोरच्या घरातलंच लिहितोय, तर वही मिटा आणि ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा. गोष्ट नंतर लिहिता येते.

शेवट

मारामारी नको. गच्चीवरचा पाठलाग नको. जी गोष्ट पिग्मीच्या पावतीवर आणि दुधाच्या पिशवीवर चालत आली, तिचा शेवटही त्याच मापाचा हवा. मी बराच काळ मालनला एकटीला जिना चढवायचा प्रयत्न करत होते आणि ते पटत नव्हतं. तिला हक्क नाही, आणि नाना तिला सहज परतवतील. मग वहीचं डावं पान पुन्हा वाचलं. नानांची सगळी ताकद मदतीत आहे, तर त्यांना मदतीनेच अडवायचं.

तिसऱ्या दिवशी टँकर येतो. मालन रांगेतल्या दोघी-तिघींना जुने मेसेज दाखवते. काही बोलत नाही. नाना दोन घागरी उचलतात तेवढ्यात एक म्हातारी काकी पुढे होते, “नाना, तुम्ही किती करायचं हो? आज आम्ही पोचवतो वर.” एक घागर काकीच्या कमरेवर, दुसरी शेजारच्या वहिनीच्या, मागे तिसरी बादली, चौथी कळशी. नाना ‘नको’ म्हणतात, ‘जड हाय’, ‘जिना निसरडा हाय’. “असू दे की,” काकी म्हणते, “शेजारी कशाला हाय मग?” सगळ्या गल्लीसमोर या मदतीला नाही म्हणायला आता नानांकडे कारण उरत नाही. बायका जिना चढतात.

दार उघडल्यावर काय दिसलं ते मी एका वाक्यात लिहिलं. सुनंदा जिवंत आहे, तिला पाणी हवं आहे. बाकी अत्याचाराचं वर्णन करू नका. वाचकाने ते आधीच्या पानांवर कोऱ्या नोटेत आणि सुकलेल्या तुळशीत पाहिलेलं आहे.

त्यानंतर एक छोटं प्रकरण जरूर लिहा, बरेच जण ते गाळतात. नानांकडच्या खिळ्यावर सगळ्या गल्लीच्या किल्ल्या टांगलेल्या आहेत. त्या परत कोण आणणार? कोण कुलूपच बदलणार? कोण अजूनही म्हणणार, ‘माझ्यासाठी तर देवमाणूस होता हो’? हे म्हणणारं माणूस खोटं बोलत नसतं. त्याला नानांनी खरंच दवाखान्यात पोचवलं होतं. त्याचं बोलणं पूर्ण येऊ द्या, त्याला मूर्ख ठरवू नका.

मसुदा झाला की तुमच्या खऱ्या गल्लीतलं ओळखू येईल असं सगळं बदला. घराचा रंग, गाडी, मुलांची संख्या, माणसाची पूर्वीची नोकरी, सगळं. दोन घरांतलं अर्धं अर्धं घेऊन तिसरं घर करा. मग गोष्ट अशा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा जी स्वतः वसाहतीत राहते आणि जिला गोष्टी वाचायची सवय नाही. मी दूध घालायला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवते. त्या जिथे ‘असं कुणी बोलत नाही’ म्हणतात तिथे खूण करते. ‘मग त्या बाईला फोन का नाही लावला?’ असं त्यांनी मध्येच विचारलं तर तेवढ्या जागी आणखी एक निर्दोष कारण घालावं लागतं. नानांची पहिली मदत वाचताना त्या गप्प बसल्या तरी चालेल. ‘चांगला माणूस दिसतोय’ असं त्यांच्या तोंडून निघालं तर मात्र त्या पानाला पुन्हा हात लावू नका. अंकाला पाठवायची प्रत तीच.